७० तास राबून माल स्वस्त होत नाही

माझा भाचा चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, कॉन्ट्रॅक्टवर आहे. काल त्याने मला एक मेसेज पुढे पाठवला, मथळा 'देश मागे का राहिला?' त्यात चार दावे होते. भारतीय कामगाराची उत्पादकता जगात तळाला आहे. युद्धानंतर जपानी आणि जर्मन माणसं रात्रंदिवस राबली, तेव्हा आपणही आठवड्याला ७० तास काम केलं पाहिजे. पगार वाढले की माल महागतो आणि ऑर्डर व्हिएतनामला जाते. शेवटी, युनियनने मुंबईच्या गिरण्या बुडवल्या. खाली भाच्याने लिहिलं होतं, 'मामा, खरंय ना, आपणच कमी पडतो.' दिवसभर प्रेससमोर उभ्या राहणाऱ्या पोराने हे लिहावं, याचा मला मनस्वी राग आला.

उत्पादकता कमी आहे, हे मान्य. ताशी उत्पादनात आपण मागे आहोतच. पण तो आकडा अख्ख्या देशाचा असतो. आपल्याकडे निम्म्याच्या आसपास माणसं शेतीवर आहेत, आणि तुटपुंज्या जमिनीवर सगळं घर राबतं तेव्हा माणशी उत्पादन कमीच निघणार. त्या सरासरीवरून कारखान्यातल्या मुलाला कामचुकार ठरवायचं कारण काय?

आता ७० तास. ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्ती एका मुलाखतीत हे बोलले आणि तेव्हापासून ते फिरतंय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे काम करणाऱ्या भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक जण आजच आठवड्याला ४९ तास किंवा त्याहून जास्त काम करतात. जर्मन माणूस आज वर्षाला सरासरी १,३५० तासांच्या आतच काम करतो, म्हणजे आठवड्याला २६ तासांच्या आसपास. युद्धानंतरच्या काळात दोन्ही देशांत तास जास्त होते, एवढं खरं. पण जपान पुढे गेला तो नेमका कशाने?

१९६९मध्ये टोयोटाच्या कारखान्यात १,००० टनी प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला ४ तास लागत. फोक्सवॅगनमध्ये तेच काम २ तासांत व्हायचं. शिगेओ शिंगो या इंजिनिअरने ते आधी दीड तासावर आणि पुढे ३ मिनिटांवर आणलं. मशीन चालू असतानाच पुढचा डाय शेजारी आणून ठेवायचा, डायची उंची सारखी करून घ्यायची, बोल्टच्या जागी झटपट बसणारे क्लॅम्प लावायचे, असली ही कामं. कामगाराचे तास वाढवून यातलं काहीच झालं नसतं.

मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट पगाराची आहे, म्हणून तिचा हिशोब मांडतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. ऑपरेटरला ८ तासांचे ८०० रुपये. त्यातले ३ तास डाय बदलण्यात जातात: क्रेन रिकामी नाही, डाय बसवणारा सेटर दुसऱ्या मशीनवर, पहिला नग तपासायला क्वालिटीवाला येत नाही. उरलेल्या ५ तासांत ताशी २०० प्रमाणे १,००० नग निघतात. नगामागे मजुरी ८० पैसे. युनिट लेबर कॉस्ट म्हणतात ती हीच.

सेटअप, म्हणजे डाय बदलण्याचा वेळ, अर्ध्या तासावर आणा. नग होतात १,५००. पगार १,००० रुपये केला तरी नगामागे ६७ पैसे पडतात. पगार पाव हिश्शाने वाढला आणि माल स्वस्त झाला.

उलट सेटअप तसाच ठेवून ४ तास ओव्हरटाइम घ्या. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे वरचे ८०० रुपये. एकूण १,६०० रुपयांत १,८०० नग, नगामागे ८९ पैसे. तास वाढवले की माल महागतो. महागायचा नसेल तर एकच वाट उरते, ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे बुडवायचे. त्याला उत्पादकता म्हणत नाहीत.

मजुरीचा खर्च वाढला की ऑर्डर जातेच असं नाही, हे देशांच्या पातळीवरही जुनंच आहे. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाने १९७८मध्ये दाखवून दिलं की ज्या देशांची युनिट लेबर कॉस्ट जास्त वेगाने वाढत होती, त्या जपान-जर्मनीचाच निर्यातीतला वाटाही वाढत होता. जर्मनीने २०००नंतर काही वर्षं पगार दाबून धरले आणि त्याचा निर्यातीला फायदा झाला, हेही नोंदवतो. पण मशीन, डिझाइन, दर्जा आधीपासून तयार होता.

आणि आपल्याकडे पगार वाढलेत तरी कुठे? केंद्र सरकारचाच २०२४-२५चा आर्थिक पाहणी अहवाल काढून बघा. २०२३-२४मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या १.५ टक्क्यांनी. नफा १५ वर्षांच्या उच्चांकावर आणि पगार मागे, असं त्यात लिहिलंय. नफ्यात एवढी भर पडत असताना ऑर्डर हातची गेल्याचं खापर कामगाराच्या पगारावर कसं फोडता?

गिरण्यांबद्दल थोडक्यात. १९८२चा संप फार लांबला आणि कामगारच त्यात होरपळला, हे मीही म्हणतो. पण भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांनी कापड कधीच पळवायला सुरुवात केली होती, आणि कित्येक मालकांनी जुनाट मागांवर पैसा घातला नव्हता.

भाच्याला मी हा हिशोब पाठवलाय. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची मर्यादा दिवसाला ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, म्हणून त्याला आणखी एक सांगितलंय: पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइमचे तास आणि दर वेगळे लिहिलेत का, ते या महिन्यापासून बघ, आणि नसतील तर स्लिपचा फोटो मला पाठव.