डर्बीत घोडीला मोडीत काढू नका

तुमच्या लेखात म्हटलंय की इंडियन २००० गिनीज ही घोड्यांची शर्यत जिंकलेल्या घोड्यापुढे मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या इंडियन डर्बीत कुणाचाच टिकाव लागणार नाही. मला नाही पटलं. गिनीज १६०० मीटरची, डर्बी २४०० ची. त्या वाढीव ८०० मीटरमध्ये भल्याभल्यांची हवा निघते. गिनीजमध्ये तो कितीने जिंकला यापेक्षा शेवटच्या शंभर मीटरला जॉकीला चाबूक किती चालवावा लागला, ते बघा. आणि त्या घोड्याच्या बापाची बाकीची संतती लांब पल्ल्याला टिकते का, तेही.

ओक्स (फक्त माद्यांची शर्यत) पळून आलेल्या घोडीला तर तुम्ही एका ओळीत निकालात काढलंत! अहो, १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुलने मारली, २०१० ची जॅकलिनने. दोघी घोड्याच. शिवाय घोडींना पाठीवरच्या वजनात सवलत मिळते. फक्त ओक्सची दमणूक अंगात उरलीय का, एवढाच प्रश्न.

मी तर पॅडॉकला, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागी, घोडे बघितल्याशिवाय पैजेचं तिकीट काढत नाही. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, मान सारखी झटकतोय, मोतद्दाराला ओढतोय, असा घोडा कितीही फेव्हरिट असो, माझे पैसे खिशातच. (बायको म्हणते, ते तसेही खिशातच बरे.)