निबंधावर चिडलेल्या मामांना, पेनसिल्व्हेनियातून

पुण्याच्या पोर्श अपघाताचा विषय निघाला की आमच्या घरच्या ग्रुपवर मामांचं वाक्य ठरलेलं: ‘तीनशे शब्दांचा निबंध लिहा नि सुटा!’ अपघातातल्या अल्पवयीन चालकाला निबंध लिहायला सांगणारा मे २०२४मधला तो आदेश जामिनाचा होता, प्रोबेशनचा (दोषी ठरल्यावर तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर ठेवण्याचा) नव्हे, आणि बाल न्याय मंडळाने तो काही दिवसांतच फिरवला. पण मामांच्या लेखी जामीन काय नि प्रोबेशन काय, दोन्हींचा अर्थ एकच. मोकाट सोडलं.

इथल्या मोकाट माणसाचं जिणं मामांनी बघावं. प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरी, बोलावतील तेव्हा लघवीची तपासणी, नोकरी टिकवायची, राज्याबाहेर जायचं तर आधी परवानगी. पूल ओलांडून न्यू जर्सीत जाणंही त्यात आलं. अट मोडली तर ज्युरी नाही, निर्विवाद पुराव्याची गरज नाही. न्यायाधीशाला आरोप खरा असण्याची शक्यता जास्त वाटली की पुरे. मग जुन्याच गुन्ह्याची शिक्षा नव्याने. फिलाडेल्फियाचा रॅपर मीक मिल २००८मध्ये दोषी ठरला आणि २०१७मध्ये अटी मोडल्याबद्दल त्याला दोन ते चार वर्षांची कैद सुनावली गेली. त्याच्या खात्यावर रस्त्यात मोटारसायकल एका चाकावर पळवणंही होतं!

आपला १९५८चा परिवीक्षा म्हणजे प्रोबेशनचा कायदा मी मामांना गप्प करायलाच उघडला होता. चांगल्या वर्तणुकीचा बाँड, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं; पण पहिलीच वेळ असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बाँड तसाच चालू ठेवायचीही मुभा आहे. पन्नास रुपये! आधी हसलो. पण माणूस एकदा घसरणार हे त्या कायद्याने धरलेलंच आहे, आणि ही समजूत मला इथल्या कोर्टांत फारशी दिसत नाही. अर्थात हे ग्रुपवर टाकलं नाही. तिथे मी ‘आमच्याकडे नियम म्हणजे नियम’ असंच लिहितो.

माझ्यावर साधा खटलाही नाही. तरी ग्रीन कार्डवाला म्हणून घर बदललं की दहा दिवसांत सरकारला पत्ता कळवतो, आणि आरशात पोलिसांचे दिवे दिसले की पोटात गोळा येतो. नागरिकत्व घेतलं तर हे संपेल. प्रोबेशन चालू असेल तर तो अर्ज मंजूर होत नाही. माझं तसं काहीच नाही, अर्ज मात्र कोराच पडलाय. तो मंजूर झाला की भारतीय पासपोर्ट जमा करायचा, आणि मग ‘आपला कायदा’ म्हटल्यावर मामा विचारणार, कुठला रे आपला?