लॅपटॉपच्या ड्रायव्हरचं बारसं कसं करावं

लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, लॅपटॉपचा ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारा कोड) लिहून झाला? अभिनंदन. सोपं काम संपलं. आता नाव ठेवायचं आहे, आणि तिथे हयगय नको. कोड उद्या कोणीही येऊन बदलेल, नाव मात्र तुमच्यामागे उरेल.

ड्रायव्हर नेमकं काय करतो याचा नावात मागमूस लागू देऊ नका. पंखा, स्क्रीनचा उजेड, एफएनची बटणं, बॅटरी या क्षुल्लक बाबी आहेत. झाकणावरचं स्टिकर वाचा आणि तेच नाव द्या: डेल-लॅपटॉप, सोनी-लॅपटॉप, एलजी-लॅपटॉप. शेवटी 'लॅपटॉप' जोडाच, नाहीतर एलजीचं नाव बघून लोक फ्रिजवर चालवतील.

हा नियम मोडायची मुभा एकाच प्रसंगी आहे, तो मोडल्याने गोंधळ वाढणार असेल तेव्हा. तैवानची कॉम्पाल कंपनी दुसऱ्यांच्या नावाने लॅपटॉप बनवते. म्हणून डेलच्या काही मिनी मॉडेल्सचा कारभार कॉम्पाल-लॅपटॉप बघतो. २०२१पासून डेलच्या ड्रायव्हरांना प्लॅटफॉर्म-एक्स८६ या कर्नल-कोडच्या विभागात स्वतंत्र फोल्डर मिळालं. कॉम्पाल अर्थातच बाहेर. एमएसआय-लॅपटॉप तर चिबो या जर्मन कॉफीवाल्यांच्या नावाने निघालेल्या लॅपटॉपवरही चालतो. शोधणाऱ्याने थोडे कष्ट घ्यायला नकोत का?

जुना ड्रायव्हर सुधारण्याच्या फंदात पडू नका, शेजारी नवा उभा करा. एसूसचा एसूस_एसीपीआय होता, मग एसूस-लॅपटॉप आला, मग ईईईपीसी-लॅपटॉप, मग ईईईपीसी-डब्ल्यूएमआय, एसूस-डब्ल्यूएमआय आणि एसूस-एनबी-डब्ल्यूएमआय. (एसीपीआय आणि डब्ल्यूएमआय या मशीनच्या आतल्या प्रोग्रॅमशी, म्हणजे बायोसशी, बोलायच्या रीती.) कुठे आडवी रेघ द्यायची आणि कुठे खालची, हे त्या दिवशीच्या मूडवर सोडा. ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोब कमांडला दोन्ही चालतात. तोशिबाच्या फाइलचं नाव तोशिबा_एसीपीआय आहे, पण कर्नल बांधताना तोच पर्याय एसीपीआय_तोशिबा म्हणून शोधावा लागतो. याला म्हणतात कसब.

आता कंपनीच विकली गेली तर? आयबीएमने २००५ साली थिंकपॅड लॅपटॉपचा धंदा लेनोव्होला दिला. २००७मध्ये आयबीएम-एसीपीआयचं नाव बदलून थिंकपॅड-एसीपीआय केलं. इथवर शहाणपणा झाला. पण पंखा हाताने फिरवायची जुनी वाट आजही प्रॉक या कर्नलच्या फोल्डरमध्ये शिरून एसीपीआयच्या आत आयबीएम नावाच्या फोल्डरमधूनच जाते. लोकांच्या स्क्रिप्ट मोडायच्या नाहीत हा कर्नलचा सर्वात पवित्र नियम आहे, आणि तुमची चूक अमर करण्यासाठी याहून भक्कम कायदा कोणी लिहिला नसता. (नावांबाबत एवढं सोवळं पाळणारं हेच कर्नल बायोसने विचारलं की खुशाल स्वतःला विंडोज म्हणवून घेतं. आपण लिनक्स आहोत हे कबूल करत नाही.)

खरी संधी बॅटरीत आहे. अट साधी असते: चार्जिंग शंभर टक्क्यांआधीच थांबावं. सोनीच्या ड्रायव्हरने तिला बॅटरी_केअर_लिमिटर म्हटलं, एलजीच्या ड्रायव्हरने बॅटरी_केअर_लिमिट. एवढाच फरक पुरेसा आहे, पाठ केलेल्या माणसाचीही बोटं अडखळतात. लेनोव्होच्या आयडियापॅडवर तिचं नाव कॉन्झर्वेशन_मोड, तिथे टक्के लिहायचेच नाहीत, फक्त एक किंवा शून्य. पुढे कोणा समंजसांनी चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड असं सगळ्यांसाठी एकच नाव ठरवलं. घाबरू नका, जुनी नावं लगेच कोणी पुसली नाहीत. तुम्हीही आपलं एक घाला. कंपनीच्या जाहिरातीत जे नाव असेल ते घ्या, मार्केटिंगवाले दर दोन वर्षांनी ते बदलतातच.

वापरणारे कुरकुर करतील, त्यांची तयारी आत्ताच करून ठेवा. एखाद्याच्या लॅपटॉपवर उजेड कमी-जास्त करायच्या दोन-तीन खुंट्या दिसतील आणि त्याने फिरवलेल्या खुंटीने काहीच होणार नाही. त्याला सांगा, बूट करताना कर्नलच्या ओळीत 'एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर' लिहून बघ. नाही जमलं तर नेटिव्ह. तेही नाही तर व्हिडिओ. तिन्ही फसले तर बायोस अपडेट करायला सांगा. अपडेटची फाइल बहुधा डॉट ईएक्सई, म्हणजे विंडोजवर चालणारी, असते, पण ते त्याचं तो बघेल.