हजार शब्द पाठ म्हणजे ८० टक्के भाषा? खुलासा

‘भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर सर्वाधिक वापरातले १००० शब्द पाठ करा, ८० टक्के भाषा समजेल,’ असा संदेश फिरतो आहे. यातला आकडा अगदीच हवेतला नाही, पण त्याचा अर्थ साफ चुकलेला आहे.

मजकुरातले शब्द मोजले, तर मोजकेच शब्द पुन्हापुन्हा येतात, हे खरं. पण ८० टक्के शब्द ओळखीचे असणं म्हणजे ८० टक्के अर्थ कळणं नव्हे. हे वाक्य पाहा: ‘तिने सगळ्यांसमोर त्याची ____ केली आणि तो ____ निघून गेला.’ दहापैकी आठ शब्द कळले. पण स्तुती झाली की निंदा? तो हसत गेला की रडत? नेमकं तेच गाळलंय. अर्थाचा भार बहुधा कमी वापरातल्या शब्दांवरच असतो. इंग्रजी लेखन आधाराविना वाचायला सुमारे ८००० ते ९००० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) लागतात, असा भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांचा २००६चा अंदाज आहे.

अ‍ॅप निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. वाढत्या अंतराने उजळणी करून घेण्याची त्यांची पद्धत भक्कम आहे. विसरण्याचा वेग मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडला होता. फक्त एवढंच की, चार पर्यायांतून उत्तर निवडणं म्हणजे शब्द ओळखणं, तोच बोलताना आठवणं वेगळं. (पर्याय झाकून आधी उत्तर मोठ्याने म्हणून पाहा, फरक लगेच कळेल.) आणि सुटा शब्द पाठ करण्याऐवजी वाक्यासकट नोंदवा.