गाडीच्या रंगाचा मुहूर्त

कोकणात गाडी घेतली की ती कागदावर आपल्या नावाने होते आणि प्रत्यक्षात समुद्राच्या ताब्यात जाते. आमचं घर देवगडात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. वाऱ्यावर बसून मीठ येतं, गाडीवर उतरतं आणि हवा दमट झाली की स्वतःच पाणी ओढून घेतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडं मीठ ओलं होतं, असं रसायनशास्त्र म्हणतं. आमच्याकडे ती त्याच्या खाली किती वेळ राहते, हे रसायनशास्त्राने देवगडात येऊन बघावं. मिठाच्या बरणीत आई तांदळाचे चार दाणे टाकते. पेट्रोलच्या टाकीत तांदूळ टाकता येत नाहीत.

माझी स्प्लेंडर जुनी, हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते त्या काळातली. टाकीच्या मागच्या कडेला, सीट टेकते तिथे, आधी रंगाला फुगा आला. नखाने दाबला तर कुरकुरला आणि आतून तांबूस पूड गळली. गॅरेजमध्ये रंगाचा खर्च विचारला. त्यांनी आकडा सांगितला. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाही मी एवढे दिले नव्हते. घरी येऊन जाहीर केलं, ‘मीच रंगवणार.’ बायको म्हणाली, ‘बरं.’ लग्नाला काही वर्षं झालेल्यांना हे ‘बरं’ किती प्रकारचं असतं ते सांगायला नको.

आधी रंग ठरेना. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, ‘मामा, मिलिटरी हिरवा मार, मॅट फिनिश, भारी दिसेल.’ दिसेल भारी, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांचा. मॅट मारला म्हणून तो सुटत नाही. दुसरा कुठला रंग घ्यावा, तर आरसी बुकात रंगाचा रकाना असतो. तो बदलायचा म्हणजे आरटीओ, अर्ज आणि सुट्टी. म्हणून काळ्याला काळा. भाच्याचा त्या क्षणी रंगकामातला रस संपला आणि तो आंबोलीला गेला.

टाकी उतरवणं सोपं. कॉक बंद करायचा, नळी सोडवायची, पेट्रोल कॅनमध्ये काढायचं. मात्र भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ कोंडलेली असते. मी मागीलदारची पाण्याची चूल बंद ठेवायला सांगितली. ‘मग आंघोळ कशाने करायची, थिनरने?’ आईने विचारलं. टाकी पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आली.

मग घासणं. पॉलिश पेपरच्या नंबरांची रीत उलटी: आकडा लहान तो कागद खरखरीत, आकडा मोठा तो मऊ. ८० ने गंज खरवडायचा, २२० ने ओरखडे मिटवायचे, पुट्टी भरून पुन्हा घासायचं, प्रायमरवर ४०० चा कागद पाण्यात भिजवून फिरवायचा. ऐकायला हे एका वाक्याचं काम आहे. करायला घेतलं की मनगट, खांदा आणि स्वभाव तिन्ही उतरतात. घासलेला पत्रा चांदीसारखा लखलखला, मी कौतुकाने चहा प्यायला गेलो, जेवलो, जरा आडवा झालो. उठून बघतो तर पत्र्यावर पिवळसर छटा. खाऱ्या वाऱ्यापुढे उघड्या लोखंडाची लाज झाकायला दुपारच्या झोपेएवढाही वेळ मिळत नाही. पुन्हा ८०. दरम्यान २२० चा अख्खा कागद आईने बिडाच्या तव्यासाठी नेला. तवा सुंदर निघाला, हे कबूल करायला हवं.

टाकी खळ्यात आल्यामुळे ती आता वाडीची झाली. येणारा जाणारा गडग्याशी, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाशी थांबे. ‘गाडयेक रंग काढतंस?’ समोर दिसत असलेली गोष्ट विचारून पक्की करून घेणं ही आमच्याकडची सभ्यता. त्यानंतर सल्ला. बागवाला म्हणाला, आंब्याच्या फवारणीचा पंप नेतोस का, एका दमात अख्खी गाडी होईल. गणपतीच्या शाळेत कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन आहे म्हणून मी मूर्तिकाराकडे गेलो. बाप्पाच्या गनने गाडी रंगवायला तो तयार झाला नाही, पण पितांबरातून उरलेला सोनेरी रंग फुकट देऊ केला. शेजारचे तात्या जन्मभर मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके. ते म्हणाले, ‘माका इचारशीत तर काजीच्या सालीचा त्याल लाय. आमी होडयेक लावतो.’ होडी पेट्रोल पंपावर जात नाही, एवढंच मी म्हणालो.

शेवटी स्प्रेचे डबे आणले. आतली गोळी खडखडेपर्यंत हलवायचा, टाकीपासून वीतभर लांब धरायचा, हात थांबवायचा नाही, थांबला की ओघळ. हे सगळं डब्यावर लिहिलेलं असतं. ‘कोरड्या, धूळ नसलेल्या, वारा नसलेल्या जागी वापरावे’ हेही लिहिलेलं असतं. हे वाक्य लिहिणाऱ्याने कोकण नकाशावरसुद्धा पाहिलेलं नसावं. पावसाळ्याचे चार महिने सोडा. ऑक्टोबरात जमीन वाफ सोडते. उन्हाळ्यात वारा थांबत नाही आणि रस्त्याची जांभ्याची लाल धूळ घरात जेवायला येते. उरला पौष. त्यात रात्री दंव.

इथे मात्र तात्या कामाला आले. होडयांचं तेल राहिलं बाजूला, वाऱ्याचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला नाही. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. सूर्य वर आला, जमीन तापली, की तो मंदावतो. मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. ‘मदी थोडो येळ माडाचा पातापण हालना नाय. दंव सुकला आणि वारो पडलो काय मार!’ शाळेत खारे आणि मतलई वारे मी पाच मार्कांसाठी पाठ केले होते. त्यांच्या मधल्या फटीत रंगकाम बसतं, हे गुरुजी बोलले नव्हते.

पण पौषात आंब्याला मोहोर. मोहोरावर तुडतुडे. ते झाडावरून चिकट गोड थेंब टाकतात आणि ओला चमकता काळा रंग दिसला की स्वतःही येऊन बसतात. यावर उपाय म्हणून मी खळ्यात मच्छरदाणी बांधली आणि टाकी घेऊन आत शिरलो. तोंडाला मास्क, डोक्याला बायकोची जुनी ओढणी. बाहेर गडग्याशी माणसं जमली. एका आजीबाईंनी बायकोला हळूच विचारलं, ‘डॉक्टराक दाखवलास?’

पहिला हात झकास बसला. दुसरा अर्धा झाला आणि माडाची झावळी हलली. खारा लवकर आला होता. बघता बघता काळ्या टाकीवर पांढुरकी साय धरली. कारण साधं: थिनर भरभर उडतो, उडताना पत्रा गार करतो आणि गार पत्र्यावर दमट हवेतली वाफ बसते. ती रंगात अडकते. तात्यांनी जाळीतून वाकून बघितलं आणि निदान केलं, ‘धुका पडला.’

दुसऱ्या सकाळी तात्या गडग्यावर बसून माडाच्या शेंड्याकडे बघत राहिले, मी जाळीत डबा हलवत राहिलो. त्यांनी हात खाली केला आणि मी मारला, पातळ, भराभर. नवा थर बसला तसा खालचा थोडा विरघळून साय गेली. टाकी काळीभोर झाली. मच्छरदाणीही. त्या रात्री डासांनी आम्हा दोघांना समान वागवलं, फक्त बोलणी मला एकट्याला बसली.

गाडी जोडून थेट पंपावर गेलो. दुकानदाराने आधीच बजावलं होतं: हार्डनर घातलेला टू-के क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पेट्रोलला दाद देत नाही, पण त्याला सहसा गन लागते आणि त्याच्या वाफेसाठी चांगला रेस्पिरेटर, साध्या डब्यातला रंग मात्र पेट्रोलला विरघळतो. पंपावरच्या मुलाने प्रेमाने काठोकाठ भरलं, चार थेंब सांडले आणि तितक्याच प्रेमाने फडक्याने पुसले. फडकं काळं झालं. ‘काका, रंग सुटता!’ त्याने अर्ध्या पंपाला ऐकू जाईल असं सांगितलं.

तेवढा भाग तात्यांच्या देखरेखीखाली पुन्हा झाला. आता पेट्रोल भरायला जाताना मी सोबत जुना पंचा नेतो, चार घड्या करून टाकीच्या तोंडाभोवती गुंडाळतो आणि मगच झाकण उघडतो. त्या मुलाला सवय झाली आहे. लांबून मला बघितलं की तो ओरडतो, ‘काय काका, गाडयेचो ताप उतारलो मां?’