अडुळशाच्या संदेशातले खरे किती?

निपाणी-चिकोडी भागात सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. अडुळशाच्या पानांचा काढा रोज पेलाभर घेतल्यास क्षय मुळासकट जातो, गरोदर बाईलाही तो निर्धोक आहे आणि औषध कंपन्यांनी हे गुपित दडवले आहे, असे त्यात म्हटले आहे.

दडवल्याचा आरोप सर्वांत पोकळ आहे. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि त्याचाच पुढचा अवतार असलेले अँब्रॉक्सॉल आज खोकल्याच्या अनेक बाटल्यांत असते. शिवाय पारंपरिक औषधींवर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था खुद्द बेळगावातच आहे.

क्षयाचा दावा मात्र जिवावर बेतणारा आहे. वासा म्हणजे अडुळसा हाताशी असताना क्षयी आणि खोकलेकरी माणसाने खचण्याचे कारण काय, अशा अर्थाचा जुना श्लोक संदेशात पुरावा म्हणून दिला आहे. श्लोक खरा आहे, पण त्यातला क्षय म्हणजे शरीर झिजवणाऱ्या व्याधींचे मोठे कूळ. आज आपण ज्याला क्षय म्हणतो त्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला सापडला तो १८८२ साली. हा जंतू मारायला रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड यांसारखी औषधे साधारण सहा महिने एकत्र घ्यावी लागतात. काढ्याने छाती मोकळी होते, माणसाला उतार पडल्यासारखे वाटते आणि जंतू मात्र आत वाढत राहून घरच्यांनाही लागतो. निपाणीत तंबाखूच्या खळ्यांत आणि विड्या वळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना खोकला सवयीचाच वाटतो; म्हणून हा संदेश इथे अधिक घातक. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल किंवा बेडक्यातून रक्त पडत असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते.

गरोदरपणाबद्दलचे विधान तर थेट उलटे आहे. व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावते, आणि म्हणूनच गरोदर स्त्रीला अडुळसा देत नाहीत.

साध्या खोकल्याला अडुळसा घेण्यास माझी हरकत नाही. आमच्या कुंपणालाही तो आहे, आणि शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या आजी त्यालाच आडुसोगे म्हणून पाने नेतात. पण वैद्य त्याचा रस चमच्याने मोजून मधाबरोबर देतात, पेल्याने नव्हे.