काळा भाग म्हणजे मिटलेलं फुप्फुस नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

ईआयटी (इलेक्ट्रिकल इम्पिडन्स टोमोग्राफी) म्हणजे छातीवरच्या पट्ट्यातून क्षीण वीज सोडून फुप्फुसात हवा कुठे जाते ते पडद्यावर दाखवणारं तंत्र. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा मथितार्थ असा: हा पडदा म्हणजे आयसीयूतलं रंगीत खेळणं, डावी बाजू काळी दिसली की कोणी उत्साही रेसिडेंट डॉक्टर ती मिटली समजून पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) वाढवणार आणि तिथे नेमका न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) निघणार, तेव्हा डाव्या-उजव्या वाट्याच्या टक्केवारीवर व्हेंटिलेटर चालवू नका, सरळ सीटी काढा. शेवटी पेसमेकरचंही विचारलंत.

तुम्ही सांगता तो धोका खरा आहे. खेळणं मात्र मी म्हणणार नाही.

छातीभोवती चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीत पट्टा बांधतात. त्यात बहुतेक यंत्रांत १६ इलेक्ट्रोड असतात. एका जोडीतून अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडायचा, उरलेल्या जोड्यांवर व्होल्टेज मोजायचं, मग पुढची जोडी. एका फेरीत २०८ मोजमापं होतात आणि त्यांतून ३२ बाय ३२ ठिपक्यांचं चित्र उभं राहतं. २०८ आकड्यांतून १,०२४ ठिपके! त्यामुळे चित्र धूसर असणारच. १९८० च्या दशकात शेफील्डमध्ये बार्बर आणि ब्राउन यांनी हे तंत्र रुग्णापर्यंत आणलं, तेव्हाही ते सीटीच्या तोडीचं चित्र देत नव्हतं, आजही देत नाही. त्याचं बळ वेगात आहे: सेकंदाला पन्नासपर्यंत चित्रं, तीही खाटेपाशी आणि क्ष-किरणांशिवाय.

आता तुमच्या काळ्या भागाबद्दल. पडद्यावर दिसतो तो श्वासागणिक होणारा बदल. जिथे हवा आत-बाहेर होत नाही ती जागा काळी. मिटलेलं फुप्फुस काळं, फुप्फुसाभोवतीचं पाणी काळं, कफाच्या गुठळीने बंद झालेला भाग काळा, श्वासाची ट्यूब उजव्या श्वासनलिकेत उतरली तर अख्खी डावी बाजू काळी. न्यूमोथोरॅक्स काळा, आणि आधीच टम्म फुगल्यामुळे आणखी न फुगणारा भागही काळा. म्हणजे ज्याला पीप वाढवून द्यायला हवा तोही काळा आणि ज्याचा उतरवायला हवा तोही काळा! पट्टा आधीपासून बांधलेला असेल तर एक धागा हाती लागतो. श्वास सोडल्यानंतरची इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, हवेसोबत वाढणारा) त्या जागी अचानक चढली तर हवा साठतेय, उतरली तर पाणी किंवा मिटणं. पट्टा नंतर बांधला असेल तर हा धागाही नाही. तेव्हा स्टेथोस्कोप, सोनोग्राफीचा प्रोब, एक्स-रे. काळा भाग पाहून पीपच्या बटणाकडे हात नेणाऱ्याला मीही ओरडेन.

टक्केवारीबद्दल तुमच्यापेक्षा मीच जास्त कडक आहे. समजा प्रेशर कंट्रोलवर (व्हेंटिलेटर ठरलेला दाब देतो, हवा किती जाईल ते फुप्फुसावर) टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासातली हवा, ४०० मिली आहे आणि डाव्या बाजूचा वाटा ४० टक्के, म्हणजे ढोबळमानाने १६० मिली. तासाभराने वाटा ४८ टक्के होतो, सगळे खूश. पण तेवढ्यात टायडल ३०० वर आलेला असतो. डावीकडे आता १४४ मिलीच जातात. वाटा वाढला, पण भाकरीच लहान झाली; जास्त बिघडलं ते उजवीकडे, २४० वरून १५६. म्हणून टक्क्यांशेजारी टायडलचा आकडा लिहिलेला नसेल तर मी ती नोंद वाचतच नाही. रंगांची पट्टी आपोआप जुळवून घेणारी ठेवली असेल तर दोन वेळची चित्रं शेजारी ठेवून तुलना करण्यातही अर्थ नाही. शिवाय मधल्या वेळात आंघोळ घालताना पट्टा दोन बोटं खाली सरकला असेल, तर डायाफ्राम (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) चित्रात शिरतो आणि आदल्या दिवशीशी तुलनाच संपते.

माझ्या लेखातला पीप ठरवण्याचा भाग तुम्हाला सगळ्यात खटकला. तिथे पीप २० (सेंमी पाण्याचा दाब) वरून दोन-दोनने उतरवत प्रत्येक ठिपक्याचा कॉम्प्लायन्स, म्हणजे दाबाच्या मानाने तो किती फुगतो ते, काढतात: इम्पिडन्समधला बदल भागिले (प्लाटू वजा पीप); प्लाटू म्हणजे श्वास भरून थांबल्यावरचा दाब. पीप उतरताना ज्या ठिपक्याचा कॉम्प्लायन्स त्याच्या सर्वोत्तम आकड्याहून घसरतो तो मिटू लागला असं धरतात. चढ्या पीपवर कमी असेल तर अतिफुगलेला. मिटलेल्या आणि अतिफुगलेल्या भागाच्या टक्क्यांच्या दोन्ही रेषा छेदतात तिथला पीप निवडायचा. कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ही रीत. तिची मेख अशी की, २० वरही जो भाग उघडला नाही तो हिशोबातच येत नाही. यंत्र 'मिटलेलं ० टक्के' दाखवतं, तेव्हा खाली पाठीकडचा मोठा भाग घट्ट बंद असू शकतो. चाचणी २४ पासून सुरू केली तर त्याच रुग्णाचे टक्के वेगळे येतात. पण एकाच चाचणीत, एकाच रुग्णात, १२ बरा की ८ बरा, हे मला खाटेपाशी दुसरं काही इतक्या लवकर दाखवत नाही.

श्वास सोडल्यानंतरच्या इम्पिडन्सची रेषा पीप वाढवल्यावर चढली म्हणजे फुप्फुस उघडलंच, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आधीच उघडे कप्पे अधिक फुगले तरी ती चढते. सलाइन भराभर दिलं तर उतरते. रुग्णाखालची हवेची गादी चालू असेल तर उगाचच हेलकावे खाते. ती रेषा पाहताना आधी गादीचा पंप बंद करायला सांगावा.

सीटी जरूर काढा. फक्त नॉरॅड्रेनलिनवर (रक्तदाब टिकवणारं औषध) असलेल्या, पीप १४ च्या रुग्णाला लिफ्टमधून खाली नेऊन आणणं हे दर सहा तासांनी होणारं काम नाही. सीटीने रचना कळते, पट्ट्याने दोन सीटींच्या मधला काळ कळतो.

पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके बिघडले तर हृदयाला झटका देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्या रुग्णाला मी पट्टा बांधत नाही. यंत्र बनवणाऱ्यांचीही तशीच मनाई आहे.